ओके दाबायचं नाही

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पंखा बंद करणं. तसं काम तिचं होतं, मी नुसता बटनावर होतो. ती काँप्युटरपुढे बसून धवला गायची आणि मी भिंतीला चिकटून उभा. तिने हाक दिली की पंखा बंद करायचा, गाणं संपवून ती माझ्याकडे वळली की चालू करायचा. फ्रिजची पिन आधीच काढून ठेवलेली. खिडकीत कावळा ओरडू नये म्हणून माझ्या एका हातात टॉवेल. मे महिन्याची दुपार, आणि खाडीवरचा वारासुद्धा त्या दिवशी रजेवर गेलेला.

बाहेरच्या लोकांना सांगावं लागेल. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. मांडव घालताना, उंबराची फांदी आणताना, हळद लावताना, प्रत्येक वेळेचं वेगळं गाणं, त्याला धवला म्हणतात. ते गाणारी बाई ती धवलारीण. तिने म्हटल्याशिवाय आमच्यात हळद चढत नाही, मग नवरा विमान चालवणारा असो नाहीतर ट्रक. माझी बायको आमच्या गावची धवलारीण होती. तिला हे सगळं तोंडपाठ होतं, कारण लिहिता तिला सहीपुरतंच यायचं. मी चौथी शिकलेलो, त्यामुळे घरात विद्वान मी.

तर गाणं निम्म्यावर आलं आणि मला शिंक आली. मी दाबली, पण दाबलेली शिंक उघड्या शिंकेपेक्षा वाईट वाजते. तिने सगळं थांबवलं आणि मान वळवली.

"अवो, सगला जन्म शिंकलाव. आजच्या दिवस नाक धरता नाय आला?"

"नाकाला काय बटन हाय?"

"मंग बाहेर जाऊन बसा. पंखा मी बघते."

"तू गाशील का पंखा बघशील?"

"गातागाता तुमची तीन पोरा सांभाळली, पंखा कनचा मोठा लागून गेला!"

पोर एकच आहे. तिच्या हिशोबात मी आणि सासरा धरून तीन.

दुसऱ्यांदा गाणं नीट झालं. मी पंखा लावला, तिने चहा टाकला, दोघांनी प्यायला. संध्याकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबेपर्यंत सगळं आटपलं होतं. याच्यावर मी जास्त लिहिणार नाही. लोकांना नेमकं तेच वाचायचं असतं.

आता काँप्युटरचं सांगतो. तो नातीच्या शाळेसाठी घेतलेला. नात मोठी झाली, तिला मांडीवरचा मिळाला, हा टेबलावरचा आमच्याकडे राहिला. मुलगा द्रोणागिरीला कंटेनर यार्डात नोकरीला, बायको-मुलीला घेऊन तिकडेच राहतो, रविवारचा येतो. नातीचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या आजीने हुकूम सोडला, की सगळे धवले भरून ठेवा. लग्नात मी गाईनच, पण माझ्या मागे या पोरींना डीजेशिवाय काय येतंय? तिचा मोबाईल बटनांचा, त्यात भरणार काय. मग मुलाने काँप्युटरमध्ये आवाज भरायचं एक सॉफ्टवेअर टाकलं. तीस दिवस फुकट होतं. त्यात नाव तिचं दिलं, मोबाईल नंबर तिचा दिला. म्हणाला, आईचा आवाज आहे तर आईच्याच नावावर राहू दे. पोरगा भावनेचा आहे, बापावर गेलेला नाही.

ती सॉफ्टवेअर रंगावरून शिकली. लाल दाबलं की भरायला सुरुवात, काळं दाबलं की थांबलं. माऊस अशी धरायची जशी मुठीत चिंबोरी धरलीय.

दिवसकार्य झालं. आलेले नातेवाईक गेले. सोसायटीवाले आमच्या गावठाणात फिरायला येतात, तेही दोन मिनिटं उभे राहून टेन्शन घेऊ नका म्हणून गेले. मग लोक म्हणायला लागले, की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. ही रीत आहे. मार्गशीर्षातला दिवस ठरला. मी सगळ्यांसमोर सांगितलं, मांडवात धवला तिच्याच आवाजात होणार. बोललो आणि अडकलो, कारण दुसऱ्या दिवशी काँप्युटर लावला तर गाण्यांवर एक पेटी येऊन बसली.

पेटी म्हणजे पांढरा चौकोन. वर इंग्रजीत मजकूर, खाली एक बटन. मागे तिची गाणी हिरव्या रेघांत दिसत होती, पण पेटी मध्ये. मला इंग्रजी अक्षरं येतात. कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी जन्मभर वजनकाट्यावर होतो, ट्रकांचे नंबर लिहायचो. त्यामुळे अक्षरं सगळी ओळखीची, पण ती एकमेकांत मिसळून काय कट करतात ते कळत नाही. मी कागद घेतला आणि पेटीतलं सगळं जसंच्या तसं उतरवलं. चौकोनसुद्धा काढला. खालचं बटनही काढलं.

वरच्या मजल्यावर आमचा भाडेकरू राहतो. आयटीवाला, दिवसभर घरातच काम करतो, म्हणजे कानात घालून बोलत असतो. त्याच्या हातात कागद दिला. त्याने आधी कागद फिरवून पाहिला.

"शेठ, हे तुम्ही काढलंत? छापल्यासारखं आलंय!"

"चित्राचं राहू दे. लिहिलंय काय?"

"ट्रायल संपली म्हणतायत. तीस दिवस फुकट होते, ते झाले. पुढे वापरायचं असेल तर विकत घ्या. आणि खाली ओके."

"गाणी तिची, आवाज तिचा, पंखा माझा. आणि मुदत यांची?"

"तसंच असतं शेठ. ओके दाबा, पेटी जाईल."

"ओके म्हणजे काय?"

"ओके म्हणजे... ठीक आहे. कबूल."

इथे मी उठलो.

माझ्या बापाची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत आहे, या भाडेकरूला नव्हती. खाडीकाठी आमची भातशेती होती. नवं शहर यायचं होतं तेव्हा एक साहेब आंब्याखाली टेबल टाकून बसला. बापाने विचारलं, कागदावर काय लिहिलंय? साहेब म्हणाला, काही नाही, तुम्हाला निरोप पोचला येवढंच. बापाने अंगठा दिला. नंतर वकिलाने वाचून दाखवलं तर तो अंगठा जमीन देण्याच्या कबुलीचा निघाला. बाप मरेपर्यंत ते बोट धोतराला पुसायचा. मला त्याने शिकवण म्हणून दिली ती येवढीच, की समोरच्याने लिहिलेल्या मजकुराखाली बोट लावायचं नाही.

आणि ही पेटी बघा. वर लिहिलंय मुदत संपली, खाली एकच बटन, कबूल. नाकबूलचं बटनच नाही. असला कागद मी आधी पाहिलेला आहे.

"मी दाबणार नाही," मी म्हटलं. "तू पण दाबायचं नाहीस."

"अहो, पण दाबल्याने काय होणारे?"

"बाप पण हेच म्हणाला होता."

त्या दिवसापासून रोजचा कार्यक्रम ठरला. सकाळी चहा झाला की काँप्युटर लावायचा. पेटी यायची. मी पेटीकडे बघायचो, पेटी माझ्याकडे बघायची. मग भिंतीवरचं बटन खटकन बंद. पावसाळाभर हे चाललं. सून फोनवर विचारायची, बाबा काय करताय? मी म्हणायचो, काँप्युटरवर बसलोय. तिला वाटायचं, सासऱ्याचं मन रमलं.

भाडेकरूला माझी दया आली की त्याला भाडेवाढीची भीती वाटली, माहीत नाही. एका रविवारी तो खाली आला. म्हणाला, ओके न दाबता एक युक्ती करू. त्याने पेटी कोपऱ्यात सारली आणि काँप्युटरची तारीख मागे नेली, ऑगस्टातून थेट मे महिन्यात.

"आता त्याला वाटेल तीस दिवस अजून व्हायचेत."

"येवढा मोठा काँप्युटर, त्याला पाऊस दिसत नाय बाहेर?"

"त्याला खिडकी नसते, शेठ."

काँप्युटर फसला. कंपनी फसली नाही. पेटी पुन्हा आली, तीच. भाडेकरूने हात टेकले आणि तारीख परत पुढे आणायला लागला. मी त्याचा हात धरला. त्या तारखेला आमच्या घरात दोन माणसं होती. मी म्हटलं, राहू दे.

संध्याकाळी मुलगा आला, लाईटबिल बघायला काँप्युटरवर बसला. काहीच उघडेना. जिथे जाईल तिथे एक नवी पेटी.

"बाबा, हे म्हणतंय तुमचं घड्याळ मागे आहे."

"माझ्या घरात घड्याळ माझं. मागे ठेवीन नाहीतर माळ्यावर टाकीन."

"अहो, पण मे दाखवतोय."

"मग? मे वाईट होता?"

 पोरग्याने मोबाईलवर बिल पाहिलं आणि काँप्युटर बंद केला, बटनाने नाही, भिंतीवरून. तेवढं शिकला होता.

जाताना म्हणाला, "बाबा, विकतच घेऊन टाकू ना. मी भरतो."

हे मला पटलं. विकत घेणं म्हणजे कबुली नाही, व्यवहार आहे. मुलाने कंपनीचा नंबर काढून दिला आणि सोमवारी मी फोन लावला. आधी बाजा वाजला. मग एक बाई म्हणाली तुमचा फोन आमच्यासाठी फार मोलाचा आहे, आणि त्या मोलाच्या फोनला तिने चांगला अर्धा तास बाजा ऐकवला. शेवटी एक पोरगी आली, हिंदीतली.

"सर, अकाउंट मॅडम के नाम पे है. मॅडम से बात करवाइए."

"मॅडम नहीं रही."

"ओ, सॉरी टू हिअर सर. तो मॅडम कब अवेलेबल होंगी?"

तिच्यापुढे लिहिलेला कागद असणार. ती तो वाचत होती. कागदात मेलेल्यांची ओळ नसणार. मी रागावलो नाही. काट्यावर मी पण तीस वर्षं समोर लिहिलेलंच वाचत होतो.

"बेटी, वो मर गयी. हम पैसा देता है. तुम गाना खोलो."

"शुअर सर. मॅडम के मोबाईल पे ओटीपी गया है. वो बताइए."

मोबाईल नंबर मुलाने महिन्याच्या आत बंद केला होता. बरोबरच केलं होतं, उगाच फोन यायचे. आता तो नंबर कुठल्या तरी दुसऱ्याला मिळाला असेल आणि त्या माणसाला आमच्या गाण्यांची किल्ली आली असेल. तो म्हणाला असेल, ही काय ब्याद.

"वो नंबर बंद है."

"तो सर, नंबर बदलने के लिए पुराने नंबर पे ओटीपी जाएगा."

"जो बंद है उसपे?"

"जी सर. सर, आपने स्क्रीन पे ओके प्रेस किया था?"

"नहीं. और करेगा भी नहीं."

"ओके सर. और कोई सहायता?"

फोन ठेवताना तिने मला पाचपैकी गुण द्यायला लावले. मी पाच दिले. पोरीच्या नोकरीवर कशाला.

या फोनचा एकच फायदा झाला. कंपनीला माझी बायको आठवली. मुलाने सॉफ्टवेअरसाठी तिच्या नावाने मेल काढली होती, ती भाडेकरू वर त्याच्या काँप्युटरवर उघडायचा, तो अधूनमधून वाचून दाखवायचा. कंपनी तिला नावाने लिहायची. आम्हाला तुमची फार आठवण येते. तुम्ही बरेच दिवसांत दिसला नाहीत. परत या, तुमच्यासाठी खास सवलत ठेवलीय. दर आठवड्याला एक. सख्ख्या भावाने तिची येवढी चौकशी केली नव्हती.

"उत्तर लिहू का काही?" भाडेकरूने विचारलं.

"लिही, की आठवण काढणारे इथे आधीपासून बसलेत. तुम्ही रांगेत मागे उभे राहा."

त्याने खरंच लिहिलं. उलट टपाली आभाराचं पत्र आलं.

असं करत मार्गशीर्ष आला. लग्न गावातल्या घरी, मांडव आमच्या अंगणात. मुलगा म्हणाला, बाबा, आता डीजेला सांगू, त्याच्याकडे धवल्यांची तयार गाणी असतात. ती मी ऐकली होती. त्यात बाई गाते आणि मागे कोणीतरी पत्र्याचा डबा बडवतो. मी म्हटलं, बघू. माझ्या बहिणीला विचारलं, ती दिवाळे गावात दिलेली, आयुष्यभर बायकोच्या मागे उभी राहून म्हणत आलेली. तिला म्हटलं, तू धर. ती म्हणाली, "दादा, मना मागचाच येतंय. पुढचा ती म्हनायची."

आठ दिवस आधी सून राहायला आली. सून साताऱ्याकडची. तिच्याकडे धवला नसतो, तिला त्यातलं एक अक्षर येत नाही, आणि ती कुणाला भीत नाही. मी तिला काँप्युटरची सगळी हकीगत सांगितली. पेटीला हात लावायचा नाही, हे दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "व्हय, बाबा." तिचं व्हय म्हणजे ऐकलं, मानलं असं नाही, हे मला तेव्हा लक्षात राहिलं नाही.

मी न्हाणीत होतो, डोक्याला साबण लावलेला. बाहेरून आवाज आला.

"अवो, पंखा बंद करा."

मी पंचा गुंडाळला आणि आलो. कसा आलो माहीत नाही. डोळ्यांत साबण, काही दिसत नव्हतं. भिंतीवरचं बटन हाताला लागलं आणि मी पंखा बंद केला.

"बाबा! वल्ला हात! शाक बसंल की!" सून ओरडली. तोवर बायकोने गायला सुरुवात केली होती.

मी तिथेच जमिनीवर बसलो. सुनेने टॉवेल आणून माझं डोकं पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं. गाणं चाललं होतं. निम्म्यावर कोणीतरी शिंकलं. गाणं तिथेच तुटलं आणि सून हसायला लागली. मी पण हसलो. मला वाटलं होतं तिने ते पुसून टाकलं असेल.

गाणं थांबल्यावर सून म्हणाली, "म्या वके दाबलं."

"मी नाय म्हटलं होतं."

"म्हनलावता. दाबलं तर दुसरी पेटी आली. म्हनली, नवीन भराया मिळनार न्हाई, बाहेर काढाया मिळनार न्हाई, ऐकायचं असंल तर ऐका. म्या ऐका दाबलं. बाबा, तुमी सा महिनं ह्यो डबा बघत बसला, आन् एक बटन दाबलं न्हाई?"

"एका बटनाने जमीन जाते, बाय."

"आन् एका बटनानं आई बोलल्या."

चूक माझी होती. लिहायला लाज वाटत नाही, कारण अर्धी चूक कंपनीची आहे. खाली 'पुढे बघा' लिहिलं असतं तर मी पहिल्याच दिवशी दाबलं असतं. 'कबूल' कशाला लिहायचं? ज्यांनी आयुष्यात एकदाही कशावर अंगठा दिलेला नाही, ती माणसं असली बटनं बनवत असणार.

तारीख सुनेने त्याच दिवशी पुढे आणली. लग्नाच्या याद्या छापायच्या होत्या, आणि तिला घरात एकाच वेळी दोन-दोन महिने चालणं नको होतं. मला विचारलं नाही. मीही अडवलं नाही.

गाणी बाहेर काढता येत नव्हती, तर सुनेने मोबाईल काँप्युटरच्या पुढ्यात ठेवला. "हिकडं वाजंल, तिकडं भरंल. त्यात काय हाय?" सहा महिने आयटीवाल्याला, यार्डवाल्याला आणि काट्यावाल्याला हे सुचलं नव्हतं. मी पंख्यावर उभा राहिलो. फ्रिजची पिन काढली.

पण फुकटातल्या गोष्टीत काही ना काही असतंच. गाण्याच्या मध्येच, दर थोड्या वेळाने, एक गोरी बाई बोलायची. "धिस इज अ ट्रायल व्हर्जन." खणखणीत, गोड, तोंडात खडीसाखर धरल्यासारखी. बायको देवांना मांडवात बोलावतेय, गणपती आला, गावदेव आला, आणि तिसरी ही. तिला काढायचा काही उपाय नव्हता. भाडेकरू म्हणाला, शेठ, चालतं, आजकाल सगळ्यात जाहिरात असते.

मांडवाच्या दिवशी सकाळी मोबाईल डीजेच्या पेटाऱ्याला जोडला. बायका जमल्या. बहीण सगळ्यांच्या पुढे बसली. बायकोचा आवाज अंगणात भरला आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले. म्हाताऱ्या रडत होत्या, पोरी मोबाईलवर त्यांचं रडणं भरत होत्या. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. मग गोरी बाई बोलली.

रडणं थांबलं.

"ही कोन गो?" एकीने विचारलं.

"कंपनीची हाय," मी मागून म्हटलं.

"लगनाला कशाला आली?"

"आमंत्रन नाय दिला तरी येतान अशा," बहीण म्हणाली. "आयकू नका तिचा."

दुसऱ्यांदा ती बोलली तेव्हा पोरी खिदळल्या. तिसऱ्यांदा बहिणीने तिच्यावर आवाज चढवला आणि बायकोची ओळ स्वतःच मोठ्याने म्हणून टाकली. शेजारचीने साथ धरली. मग तो खेळच झाला. ती बाई कधी येते ते बायकांना कळायला लागलं. "धिस इज" येवढं ऐकू यायचं, पुढचं त्या गिळून टाकायच्या. एक म्हातारी तर हात उगारायची, "गप गो बाय, तुजा संपला ना, मंग जा!" आणि ओळ पडू नये म्हणून ज्या येत नाही येत नाही म्हणत होत्या, त्याही म्हणायला लागल्या. सून पण तोंड हलवत होती. साताऱ्याच्या चालीत, पण हलवत होती.

उंबर आणला, तेल चढलं, दुपार कलली. आणि खरं सांगतो, माझं डोकं फिरलं. सहा महिने मी ज्याच्यासाठी पेटीशी भांडलो तो आवाज मला त्या गोंधळात सापडेना. कान लावला तरी सापडेना. बहिणीला बाजूला घेऊन मी म्हटलं, "तुमी कशाला ओरडताव? तिला आयकू दे की."

बहीण पाणी पीत होती. तोंड पुसून म्हणाली, "दादा, ती येकटी कवा गायची? तिना धरला की आमी उचलायचो. येकटीचा धवला कुठं आयकलास तू?"

"काँप्युटरात."

"मंग तो मेल्याघरचा."

तिला दुसरी कोणी असं बोलली असती तर मी अंगणातून घालवली असती. पण बहीण साठ वर्षं माझ्याशी असंच बोलते. मी जाऊन डीजेवाल्याला सांगितलं, आवाज आणखी वाढवू नको.

संध्याकाळी हळदीच्या आधी बहीण सुनेला घेऊन माझ्याकडे आली. उद्या सकाळचा धवला मोबाईलमध्ये मिळत नव्हता. लग्नाच्या सकाळी नवरीला अंगणात न्हाऊ घालतात, तेव्हाचा. सुनेने मोबाईल दोनदा चाळला, मग काँप्युटरपुढे बसून सगळ्या हिरव्या रेघा ऐकल्या. नव्हता. तो तिने भरलाच नव्हता. भरायचा राहिला असणार.

"तुला किती येतो?" मी बहिणीला विचारलं.

"पयल्या दोन ओली. पुढं ती म्हनायची, आमी पाठीमागून."

"मग डीजेचं लावू का ओ?" मुलाने दारातून विचारलं.  हळदीची वेळ झाली, सगळे उठून गेले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, नवा सदरा घातला आणि न्हाणीच्या बाजूला गेलो. अंगणाच्या कोपऱ्यात चार बांबूंना साड्या बांधून आडोसा केला होता. आत नातीला पाटावर बसवलेलं, बायकांची बडबड चालू. पुरुषाने तिथे जायचं नसतं आणि धवला तर तोंडातून काढायचा नसतो. पण गावातल्या प्रत्येक लग्नात मी अशाच साडीच्या बाहेर उभा असायचो, तिची पिशवी आणि चपला घेऊन, कारण इथलं उरकलं की तिला धावतपळत पुढच्या घरी पोचायचं असायचं. चाळीस वर्षं एकच गाणं साडीच्या बाहेरून कानावर पडलं तर बैलालासुद्धा पाठ होईल.

मी साडीकडे पाठ केली, तोंड भिंतीकडे केलं आणि मोठ्याने म्हटलं, "मी सांगतो. तुमी गा."

आत बडबड थांबली.

"दादा, तू?" बहीण म्हणाली.

"गात नाय मी. सांगतो नुसता. काट्यावर नंबर सांगायचो तसा."

पहिल्या ओळीत पाणी कुठल्या विहिरीचं ते विचारतात. बहिणीला ती येत होती, तिने धरली. दुसरीत कळशी कोणाच्या कमरेवर आली ते. तिसरी मी सांगितली, चौथी सांगितली. आतून आधी एक आवाज आला, मग चार, मग सगळ्या. तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज येत होता. पाचव्या ओळीला नवरीच्या आजीचं नाव घ्यायचं असतं. ते मी आयुष्यात चारचौघांत घेतलेलं नव्हतं, आमच्यात घेत नाहीत. मी घेतलं. पुढची ओळ तोंडात होती, ती गेली.

आत सगळ्या थांबून राहिल्या. पाणी पण थांबलं.

"दादा," बहीण साडीच्या आतून ओरडली, "पोरगी भिजून बसलीय, थंडी वाजतेय तिला! पुढं काय ता सांग लवकर!"

मी भिंतीला हात टेकला आणि पहिल्या ओळीपासून परत सुरुवात केली.